बगळ्याला दिलेला आवाज

४ मार्च

प्रिय चिमटा,

सोबतचं जाड पाकीट फोडण्याआधी हात पुसून घे. गेल्या खेपेच्या हस्तलिखितावर तुझ्या बोटांचे तेलकट ठसे होते. लेखकमहाशय म्हणाले, कुणीतरी माझी गोष्ट वाचता वाचता जेवलंय. मी म्हटलं, तसं असेल तर तो तुमचा मानच समजा.

तुझं मागचं पत्र मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. 'जादूच्या गोष्टीत शेवटच्या पानावर सगळे घरी येतात, जेवण गरम असतं आणि कुणाच्याही बुटाला चिखल नसतो. हे खोटं आहे. निदान एका तरी गोष्टीत हरवलेलं माणूस परत येऊ नये.' आमच्या छपाईवाल्या मामांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. आणि बरं का, या नव्या पुस्तकाची लेखिका त्या वेळी समोरच बसली होती. ती मान खाली घालून घरी गेली आणि पुढच्या आठवड्यात शेवट बदलून घेऊन आली! लहान मुलांची पुस्तकं काढण्यात माझी उमर गेली, पण तेरा वर्षांच्या पोरीने लेखिकेला शेवट बदलायला लावला, हे पहिल्यांदाच. कॉलर ताठ कर.

पुस्तकाचं नाव 'नऊ पुलांपलीकडे'. शेवटचं प्रकरण पाकिटात नाही, हे तुला सांगायला नकोच. आपला नियम ठरलेला आहे. आधी तुझं मत, मग पुढे काय होईल याचा तुझा अंदाज, आणि मगच शेवट. शेवट कळला की वाचक शहाणा होतो, आणि शहाण्याचं मत माझ्या काही कामाचं नाही. एवढंच सांगते, की शेवट तुझ्या मनासारखा आहे.

तुझ्या बाबांना म्हणावं, नानू, लोकांच्या बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करण्यातून सवड मिळाली तर थोरल्या बहिणीला फोन कर. वहिनीची आठवण काढली म्हणून सांग. आणि तुझ्या धाकट्या भावाला, आपल्या रेडिओला सांग, की फोनवर त्याने सुरू केलेली पालीची गोष्ट अर्धीच राहिली आहे. त्या पालीचं पुढे काय झालं, या काळजीने मला जेवण जात नाही.

तुझी,
आत्या

११ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार वगैरे समजून घे. हात धुऊन वाचलं.

पहिलं प्रकरण आवडलं नाही. तिसऱ्याच पानावर आई नाहीशी होते. जादूच्या गोष्टी लिहिणाऱ्यांचं आयांनी काय घोडं मारलंय, कळत नाही. आई घरात असली की मुलांना साहसं करता येत नाहीत, म्हणून तिला आधी घालवून देतात. पत्ते खेळायच्या आधी आपण टेबल रिकामं करतो ना, तसं. ती दिसायची कशी, तिला चहात साखर किती लागायची, काही म्हणून सांगत नाहीत. मग वाचणाऱ्याने तिची वाट का बघायची? या पुस्तकात एकच वाक्य बरं आहे. 'आई जायच्या आधीच थोडी थोडी कमी होत गेली होती.' हे लेखिकेला कसं कळलं, तिला विचार.

भविष्यवाणी नाही, हे फार चांगलं केलं. माझ्या वर्गात एकही मुलगी अशी नाही, जिच्याबद्दल हजार वर्षांपूर्वी कुणी काही बोलून ठेवलं असेल. नकाशात मात्र चूक आहे. गोष्टीत पूल नऊ आणि नकाशात अकरा काढलेत. तुमच्या ऑफिसात कुणाला मोजता येत नाही का?

आता बगळा. नवव्या पुलावर तो पहारेकरी बगळा नायिकेकडे तिचा आवाज मागतो, तिथपर्यंत गोष्ट चांगली पळते. 'आई परत येईपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. बोललीस, तर तुझी आई घरचा रस्ता विसरेल.' हे मी रेडिओला मोठ्याने वाचून दाखवलं. संध्याकाळी मीच त्याला वाचून दाखवते, कारण आई ट्रेनिंगला गेली आहे. तिच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं नवीन मशिन आलंय, त्याचं ट्रेनिंग. बाबांनी तुला सांगितलं असेलच.

माझा अंदाज : आई परत येते आणि नायिकेला आवाज मिळतो. 'शेवट तुझ्या मनासारखा' म्हणजे नक्की कसा? माणसाचं मन बदललं असेल तर? शेवटचं प्रकरण या वेळी लवकर पाठव. म्हणजे लगेच.

चिमटा

१५ मार्च

प्रिय चिमटा,

लगेच? तुला आधी कळस हवा आणि मग पाया! तुझं मत अजून अर्धंच आलंय बाई. मधल्या सहा पुलांबद्दल अक्षर नाही. आणि अंदाज तर असा दिलायस, की हे तूच लिहिलंस का, असा मला संशय आला. आई परत येते म्हणे! गरम जेवणाचं काय झालं? मला फसवून शेवट काढून घ्यायचा बेत असेल, तर तुझी ही आत्या काही कच्च्या गुरूची चेली नाही. नियम म्हणजे नियम.

आयांबद्दल लिहिलंयस ते मात्र लाखमोलाचं. मी ते लेखिकेला कळवलं. 'कमी कमी होत गेली' हे कसं सुचलं विचारलं, तर म्हणाली, असंच सुचलं. लेखक मंडळी नेहमी असंच सांगतात. पुलांची चूक आमचीच. चित्रकार म्हणतो, पान भरावं म्हणून दोन जास्त काढले. त्याला आता ते खोडायला सांगते.

वहिनीचं ट्रेनिंग नानूने मला सांगितलं नव्हतं. तो काय सांगतो म्हणा! ती आली की तिला म्हणावं, नणंदेचा वाचायचा नंबर वाढलाय, नव्या मशिनवर पहिली मीच बसणार. रविवारी भर दुपारी मी फोन केला, तर नानू म्हणाला रेडिओ झोपलाय. आपला रेडिओ आणि दुपारी बंद? ताप वगैरे नाही ना? का माझ्यावर रुसलाय? पालीची गोष्ट त्याने पूर्ण करायचीच आहे, हे त्याला बजावून सांग.

बगळ्याबद्दल सविस्तर लिही. तो मला या पुस्तकातला सगळ्यात जिवंत प्राणी वाटतो.

आत्या

१९ मार्च

आत्या,

बगळ्याबद्दल सविस्तर. बगळा नीच आहे. मोठ्या माणसाने लहान मुलाला अशी अट घालायची नसते. 'तू गप्प राहिलीस तर आई येईल,' म्हणजे आई आली नाही तर चूक त्या मुलीची. हे लिहिताना तुमच्या लेखिकेच्या मनात आलं नाही का, की वाचणारे सगळे तेरा वर्षांचे नसतात? काही सात वर्षांचे असतात. त्यांच्याजवळ द्यायला दुसरं काही नसतं.

मधले सहा पूल कंटाळवाणे आहेत. बोलणारं कासव उपदेश फार करतं. जादूच्या गोष्टीतल्या प्राण्यांना गप्प बसवावं आणि मुलांना बोलू द्यावं. झालं माझं मत पूर्ण. आता नियमाप्रमाणे शेवट पाठव. चांगला असला तर ठीक. नसला तर लेखिकेला सांगून आधीचा शेवट परत लावून घे आणि तो पाठव. हे पुस्तक असं छापू नका.

रेडिओ मजेत आहे. त्याचा पुढचा दात पडला. त्याने कुणालाच सांगितलं नाही, मला तो साबणाच्या डबीत सापडला.

चिमटा

२४ मार्च

चि. चिमटा,

तुझ्या पत्राने मला राग आला, हे मी लपवत नाही. मत कडक असावं, पण असं तोडून टाकणारं नसावं. लेखिकेला मी ते दाखवलं नाही. तिने या गोष्टीपायी स्वतःचं घर विसरून काम केलंय.

आणि जरा आठव. 'हरवलेलं माणूस परत येऊ नये' हे कुणी लिहिलं होतं? तिने तेच केलं. आता नियम मोडून सांगूनच टाकते, म्हणजे तुझं समाधान होईल. आई येत नाही. नायिका घरी पोचते, रिकाम्या खुर्चीकडे बघते, हाक मारायला तोंड उघडते, आणि आवाज निघत नाही. तो बगळ्यापाशीच राहतो. संपलं. ते वाचून मामांनी चष्मा पुसला. मुलांच्या पुस्तकात इतका खरा शेवट मी वर्षानुवर्षं पाहिलेला नाही, आणि तो तुझ्या एका वाक्यामुळे आलाय. तुला अभिमान वाटेल, अशी माझी समजूत होती. आता स्वतःच मागितलेला शेवट नको म्हणतेस, हा रडीचा डाव झाला.

लहान मुलांना तू समजतेस तितकी मऊ समजू नकोस. सात वर्षांची मुलं गोष्ट ऐकतात, चादर डोक्यावर घेतात आणि सकाळी विसरतात. रेडिओलाच विचार.

पुस्तक सोमवारी छपाईला जातंय.

आत्या

२७ मार्च

प्रिय आत्या,

रेडिओला विचारता येत नाही. तो बोलत नाही.

बाबांनी शपथ घातली होती म्हणून मी लिहिलं नाही. आता मोडते. आई ट्रेनिंगला गेलेली नाही. आधी ती दुकानातून आली की बूट न काढता तशीच खुर्चीवर बसून राहायची. मग दुकानात जाणं बंद झालं. मग बोलणं. काही विचारलं तर 'हं' म्हणायची, नंतर तेही नाही. एका सकाळी ती उठलीच नाही. म्हणजे जागी होती, पण उठली नाही. बाबांनी टॅक्सी आणली. आता ती मनाच्या आजाराच्या हॉस्पिटलमध्ये आहे. बाबा एकटेच भेटून येतात आणि आल्यावर खूप वेळ भांडी घासत बसतात, घासलेली सुद्धा. म्हणाले, कुणाला सांगायचं नाही, आत्याला तर मुळीच नाही, ती सगळी पत्रं ऑफिसात वाचून दाखवते.

नवव्या पुलाचं प्रकरण मी ज्या संध्याकाळी वाचलं, त्यानंतर रेडिओ बोललेला नाही. आधी मला चेष्टा वाटली. मी गुदगुल्या केल्या. मग शाळेतून चिठ्ठी आली. बाबा ओरडले, मग चॉकलेट आणलं, मग परत ओरडले. मी एकटी असताना विचारलं, तर त्याने माझ्या वहीच्या मागे 'बगळा' असं लिहिलं. आई जायच्या आधी गप्प झाली होती, ते त्याने पाहिलंय ना. त्याला वाटतं, आईनेही कुणाला तरी आवाज दिला असणार, आणि आता त्याची पाळी आहे. दात पडला तेव्हा रक्त आलं. तो आरशासमोर तोंड दाबून उभा होता, पण हूं की चूं केलं नाही.

मी त्याला सांगितलं, ही गोष्ट खोटी आहे, एका बाईने खुर्चीत बसून लिहिली आहे, आपली आत्या त्यातल्या चुका काढते. त्याने मान हलवली आणि लिहिलं, 'शेवट आण.' म्हणून मी मागत होते. रोज शाळेतून आल्यावर तो टपालपेटीत हात घालून बघतो, मग माझ्याकडे बघतो. तुझं पाकीट आलं की ते फोडायची मला भीती वाटते, कारण शेवट 'माझ्या मनासारखा' आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी स्वतः खोटा शेवट लिहून पाहिला. आई येते, जेवण गरम असतं. पण तो ऐकून रेडिओ दारात जाऊन बसेल, आणि आई येणार नाही. मग तो कुणाचंच काही खरं मानणार नाही, माझंसुद्धा.

आत्या, ते वाक्य मी लिहिलं तेव्हा आई घरी होती. तेव्हा मला ते खूप हुशारीचं वाटलं होतं.

आता काय करू सांग. मत नकोय मला.

चिमटा

३० मार्च

नानू,

काल तुला फोन केला, तर 'लिफ्टच्या शाफ्टमध्ये आहे' म्हणून ठेवलास. परत केला, उचलला नाहीस. म्हणून लिहिते. हे पत्र तुझी लेक तुझ्या हातात देईल. ते पूर्ण वाचल्याशिवाय जेवू नकोस.

पोरीने मला सगळं लिहिलंय. तिला बोललास तर माझ्याशी गाठ आहे. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे आपल्या आईचं म्हणणं तू धरून बसलास. पण त्या मुठीत तुझा मुलगा गुदमरतोय, नानू. मी पत्रं ऑफिसात वाचून दाखवते, हे तुझं खरं आहे. मी आवडीने ते करत होते, आणि आता करणार नाही. पुस्तकाची छपाई मी थांबवली आहे. मालक चिडलेत, चिडू देत. पोरगी माझ्याकडे जीव तोडून शेवट मागत होती आणि मी तिला नियम शिकवत बसले, याने माझी झोप उडाली आहे. पण माझ्या रडण्याने रेडिओ बोलणार नाही.

मला एक सांग. बंद लिफ्टमध्ये माणूस अडकला की तू आधी काय करतोस? नवीन नवीन कामाला लागलास तेव्हा तूच मला मोठ्या ऐटीत सांगितलं होतंस. पाना नंतर काढायचा. आधी दाराला तोंड लावायचं आणि बोलत राहायचं. 'आहे मी, घाबरू नका, आहे मी.' बाहेर काय चाललंय ते त्याला खरं खरं सांगायचं, कारण अंधारात माणूस जे मनाने रचतो ते खऱ्यापेक्षा वाईट असतं. परक्यांसाठी तू हे आयुष्यभर केलंस. मग घरात का नाही?

मुलांना सांग, आई आजारी आहे. कसला आजार ते सांग. कुणाच्या बोलण्याने तो झाला नाही आणि कुणाच्या गप्प बसण्याने तो जाणार नाही, हे रेडिओला तुझ्या तोंडून ऐकू दे. आणि दोघांना तिच्याकडे घेऊन जा. मुलांना आत सोडत नाहीत, असं म्हणशील. विचारलंस का?

मी बारा एप्रिलला, शनिवारी येते. माझी वाट बघत थांबू नकोस. मी त्यांची आत्या आहे, आई नाही.

ताई

७ एप्रिल

प्रिय आत्या,

बाबांनी तुझं पत्र गॅसपाशी उभं राहून वाचलं. मग बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडला. बाहेर आल्यावर त्यांनी हॉस्पिटलला फोन केला. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'आणा की मुलांना रविवारी. आम्हाला वाटलं तुम्हालाच नकोय.' बाबांनी खरंच कधी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी रेडिओला मांडीवर घेऊन सगळं सांगितलं. ते सांगताना बाबांचाच आवाज जात होता. रेडिओने ऐकून घेतलं आणि काही बोलला नाही. मला वाटलं, संपलं.

काल गेलो. भेटायच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत आणि कुंड्या. आई खिडकीपाशी बसली होती. तिचे केस दुसऱ्याच कुणीतरी विंचरले होते, भांग चुकीच्या बाजूला होता. आम्हाला बघून ती हसली नाही. खरं सांगते, मला पळून जावंसं वाटलं. बाबा तिच्या बाजूला बसून 'आहोत आम्ही, आहोत' एवढंच म्हणत होते. रेडिओ तिच्यासमोर उभा राहिला, ओठ घट्ट मिटून. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. मग तिने बोटाने त्याचा वरचा ओठ जरासा उचलला आणि अगदी हळू विचारलं, "दात कुठे गेला?"

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या मनात काय चाललंय, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी काहीच खूण केली नाही. मला भीती वाटली.

"साबणाच्या डबीत आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज खरखरीत येत होता.

आई म्हणाली, "टाकू नका हं." मग ती थकली आणि तिने डोळे मिटले. एवढंच झालं. ती घरी आलेली नाही. कधी येईल ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही, आणि त्यांनी उगाच सांगितलं नाही, हे मला आवडलं.

आता लेखिकेसाठी माझं मत. तिला दाखव, पण ऑफिसात वाचून दाखवू नकोस. आधीचा शेवट खोटा होता आणि आताचा निर्दयी आहे. आई लगेच येत नाही, हे ठीक. पण आठ पूल ओलांडून आलेल्या मुलीला कुणी आईला नुसतं भेटूही देत नाही, हे कसं? बगळ्याने आवाज मागितल्यावर तिने म्हणायला हवं होतं, आधी आई कुठे आहे ते दाखव. नकाशातले जास्तीचे दोन पूल खोडू नका. बहुतेक आई त्यांच्यापलीकडे आहे, आणि लेखिका तिथे गेलीच नाही.

तू येशील तेव्हा शेवटचं प्रकरण आणू नकोस. रेडिओने परत मागितलेलं नाही. पालीची गोष्ट मात्र ऐकावी लागेल, ती आता पहिल्यापासून सुरू झाली आहे.

एक सांगायचं राहिलं. काल हॉस्पिटलच्या फाटकातून बाहेर पडलो आणि रेडिओ एकदम थांबला. रडवेला झाला होता. म्हणाला, "ताई, मी बोललो. आता आई रस्ता विसरली तर?"

मी म्हटलं, "विसरू दे. आपल्याला पाठ आहे ना. सात नंबरची बस, पाण्याच्या टाकीपाशी उतरायचं, टायरच्या दुकानावरून डावीकडे, मग पिवळं फाटक."

त्याने ते माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. मग बसमध्ये बसल्यापासून घर येईपर्यंत तो तेच घोकत होता, सगळ्या बसला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

तुझी,
चिमटा